बाज कुठे टाकायची?

आमच्या आईची बाज यंदाच्या उन्हाळ्यात घरभर फिरली. नागपूरजवळ कन्हानला तारसा रोडच्या अंगाला एका लेआउटमध्ये धाकट्या भावाने घर बांधलं, जानेवारीत गृहप्रवेश झाला. चकचकीत टाइल्स, भिंतींना पुट्टी, खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा, स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. कांद्रीच्या कवेलूच्या घरात आयुष्य काढलेल्या आईला भावाने हौसेने नैर्ऋत्येची सगळ्यात मोठी खोली दिली. होळी झाली आणि आठवडाभरात तिने तिथून बाज उचलली.

आधी ती हॉलमध्ये आली. मग सकाळपुरती स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात, बरोबर गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीखाली. एप्रिल अर्धा सरला तसा दुपारी बारा ते पाच तिचा मुक्काम जिन्याखालच्या अरुंद जागेत, इन्व्हर्टरच्या शेजारी. संध्याकाळी पोर्चमध्ये. रात्री पुन्हा आत, पण पश्चिमेच्या भिंतीपासून चार हात लांब. "म्हातारपणी एका जागी चैन पडत नाही," असं वहिनी म्हणायची, तेही काळजीनेच. मे महिन्यात मी दहा दिवस माहेरी राहिले. तिच्या बाजेच्या जागा आणि वेळा एका वहीत लिहीत गेले. चौथ्या दिवशी वही उलटून पाहिली तेव्हा कळलं की या घराची याहून नेमकी तपासणी कोणी इंजिनिअरसुद्धा केली नसती.

जिन्याखाली थंड का? कारण तिथे डोक्यावर दोन छतं आहेत, जिन्याचं आणि त्याच्यावर जिन्याच्या खोलीचं. मधल्या हवेने आणि वरच्या सावलीने खालचा भाग वाचतो. टाकीखालचा कोपरा थंड का? टाकीच्या सावलीत तेवढा स्लॅब तापत नाही. उरलेल्या घरावर मात्र उघडा स्लॅब होता, सकाळपासून सूर्याच्या तोंडाशी.

नागपूरकडचा माणूस नवतपा म्हणतो ते नऊ दिवस २५ मेच्या सुमारास सुरू होतात. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या अक्षांशावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. अंगणात उभं राहिलं तर सावली पायाखाली गोळा होते. अशा वेळी भिंतींना मध्यान्हीचं ऊन जवळजवळ लागतच नाही, सगळा मारा छतावर. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॉट, म्हणजे एका विजेच्या शेगडीएवढी ऊर्जा पडते. सातशे चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे पासष्ट चौरस मीटर. पासष्ट शेगड्या गच्चीवर मांडून पेटवल्या आहेत असं डोळ्यांपुढे आणा. सगळी उष्णता आत येत नाही, काही परत फेकली जाते, काही वारा नेतो. तरी उघड्या स्लॅबचं गणित वाईटच येतं. चार-पाच इंची स्लॅबमधून एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे तीन-साडेतीन वॉट आत उतरतात. उन्हासकट फरक २५ अंशांचा धरला तर आमच्या छतातून साडेपाच किलोवॉट खोल्यांमध्ये येतात. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तर तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे एसीने फक्त छताशीच भांडायचं. माणसं, भिंती, खिडक्या, फ्रिज आणि गॅसची शेगडी अजून हिशेबात आलीच नाहीत.

नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ च्या शेवटी तर एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांचा आकडा उमटला, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्याने तो यंत्राचा दोष असल्याचं सांगितलं. घर तपासायला निघालेल्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. खिळ्याला भिंतीवर टांगलेलं थर्मामीटर भिंतीचंही तापमान सांगतं, कूलरच्या झोतात ठेवलेलं कूलरचं. मी दोन साधी थर्मामीटरं दोरीने खोलीच्या मधोमध टांगली, एक छतापासून वीतभर खाली, दुसरं बाजेवर बसल्यावर डोकं येतं त्या उंचीवर. सोबत एक बंदूक होती. कोविडच्या काळात कपाळावर रोखायचे तिचीच बहीण, पण मोटार-बेअरिंग तपासायला कारखान्यात वापरतात ती. ही बंदूक पृष्ठभागाचं तापमान दाखवते. चकचकीत टाइलवर किंवा ॲल्युमिनियमवर ती फसते, पुट्टीच्या आणि सिमेंटच्या पृष्ठभागावर बरोबर चालते.

छतावर पेन्सिलने खुणा केल्या आणि दर तासाला बंदूक रोखली. नैर्ऋत्येच्या खोलीत दुपारी तीनला छत गरम होतंच, पण खरी गंमत संध्याकाळी दिसली. बाहेर उन्हं कलली, रस्त्यावर पोरं खेळायला आली, आणि आत छताचा आकडा चढतच राहिला. चार-पाच इंचांच्या काँक्रीटमधून उष्णतेची लाट खाली यायला तीन-चार तास लागतात. दुपारी दोनचं ऊन आईच्या अंगावर संध्याकाळी सहाला उतरत होतं. नऊ इंची विटांच्या भिंतीला त्याहून दुप्पट, सात-आठ तास. पश्चिमेच्या भिंतीने दुपारी तीन-चारला प्यालेलं ऊन रात्री अकराला खोलीत ओतलं जात होतं. म्हणूनच ती रात्री त्या भिंतीपासून चार हात दूर झोपायची. हे सगळं तिला बंदुकीशिवाय कळलं होतं. तळहात उलटा करून, हाताच्या मागच्या बाजूने ती भिंत चाचपायची, पोळीचा तवा तापला का पाहावं तशी.

घर बांधणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. वयस्क माणूस, गेली तीस वर्षं याच भागात सेंट्रिंग आणि स्लॅब करतो. त्याने आकडे पाहिले, मान हलवली. "ताई, स्लॅब आहे तर तापनारच न. माह्या घरी बी असाच तापून राहिला." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "लोकं टाइलले पैसे देतात, गेटले देतात. गच्चीवर कोनी चढून पाहत नाही. वर काय टाकाचं ते शेवटी राहून जाते." त्याचं हे बोलणं मी लिहून घेतलं. नव्या घराचा पैसा संपतो तो नेमका गच्चीपाशी.

कवेलूच्या घराचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. दर मेमध्ये कवेलू फेरायला माणूस शोधावा लागायचा, माकडांच्या एका उडीत वीस कवेलू फुटायचे, पहिल्या पावसात घरातली सगळी भांडी गळक्या जागांखाली लागायची. विंचू वेगळे. स्लॅबचं घर हे आमच्या आईवडिलांच्या पिढीचं स्वप्न होतं आणि ते बरोबर होतं. पण त्या घरात ऊन आणि माणूस यांच्यात दोन-तीन पायऱ्या होत्या. वर कवेलू, कवेलूंच्या फटींतून निसटणारी गरम हवा, खाली लाकडी माळा, माळ्यावर कडबा नाहीतर गोवऱ्या आणि जुनं सामान. मातीच्या जाड भिंती, पुढे छपरी. संध्याकाळी कवेलू झटकन निवायचे. स्लॅब आला तेव्हा या सगळ्या पायऱ्या एकदम गेल्या, आणि त्यांच्या जागी काय घालायचं हे कोणी सांगितलं नाही. कन्हान नदीपलीकडे कामठीत १८२१ साली छावणी वसली. तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनासुद्धा उंच छतं, खोल व्हरांडे आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांशिवाय इथला मे काढता आला नव्हता. आपण मात्र चार इंच काँक्रीट आणि एक पंखा यावर भागवतो.

थंड देशातल्या नातेवाइकांशी बोलताना ही गोष्ट उलटी होते. माझा एक मामेभाऊ कॅनडात असतो. तिकडे नवं घर ताब्यात घेताना अनेकदा दाराला मोठा पंखा लावून हवा ओढतात आणि कुठल्या फटीतून वारा आत येतो ते मोजतात. भिंतींच्या पोकळीत काचेची लोकर भरलेली असते, माळ्यावर फूटभर. त्याने फोनवर सांगितलं, "घर डब्यासारखं बंद करा." हा सल्ला जसाच्या तसा आपल्याकडे चालत नाही. त्यांना आतली ऊब राखायची असते. आपल्याला दिवसा बाहेरची आग अडवायची आणि पहाटे आतली बाहेर काढायची. शिवाय विदर्भातलं घर कूलरवर चालतं, आणि कूलरला समोरच्या बाजूला उघडी खिडकी लागतेच. नाहीतर ओली हवा कोंडते, ताट्या नव्या असल्या तरी कूलर नुसता घरघरतो.

तरी फटी तपासल्याच. त्यासाठी कन्हानमध्ये पंखा लागत नाही. गोंडेगावच्या आणि कामठीच्या खुल्या खाणी, कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, महामार्गावरचे ट्रक. इथे धूळ कमी नाही. मार्चमध्ये आठ दिवस खिडक्या पुसायच्या नाहीत, मग पाहायचं. सरकत्या काचांच्या खालच्या खाचेत, दोन काचा एकमेकींवर येतात तिथे, एसीच्या पाइपासाठी पाडलेल्या भोकाभोवती काळी रेघ ओढलेली दिसते. रेघ जिथे, तिथून दुपारची झळ आत येते. आमच्या घरी सगळ्यात जाड रेघ नैर्ऋत्येच्या खोलीत चौकट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत होती. चौकट बसवल्यावर तिथे सिलिकॉन भरलंच नव्हतं. दहा मिनिटांचं काम.

वीज केंद्रांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्या राखेबद्दलचा एक गैरसमज सांगते. या पट्ट्यात राखेच्या विटा मुबलक. वीज केंद्रांच्या आसपास बांधकामात राख वापरावी असा केंद्राचा आदेश १९९९ पासून आहे आणि त्याची गरजही आहे. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राख कोलार आणि कन्हान नदीत गेली तेव्हा ती आम्ही डोळ्यांनी पाहिली. पण "राखेची वीट थंड असते" हे जे दुकानात सांगतात त्यात फारसा जीव नाही. घट्ट दाबलेली राखेची वीट उष्णता अडवण्यात लाल विटेच्या फार पुढे नाही. खरा फरक एएसी ब्लॉकचा. त्यातही राख असते, पण ॲल्युमिनियमच्या भुकटीने आत बुडबुडे फुगवलेले असतात, आणि थांबलेली हवाच उष्णता अडवते. विटेतून जितकी उष्णता जाते त्याच्या साधारण पाव हिस्सा तेवढ्याच जाडीच्या ब्लॉकमधून जाते. ज्यांचं घर अजून जोत्यावर आहे त्यांनी निदान पश्चिमेची भिंत त्याची करावी.

आमची भिंत उभी होऊन गेली होती. तिथे बाहेरून सावली हाच उपाय. मेच्या शेवटी सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, साधारण तेवीस अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. त्यामुळे संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येतं, आणि भावाने तर उत्तरेला छज्जाच काढला नव्हता. "उत्तरेले ऊन नसते" हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. ते हिवाळ्यापुरतं खरं. खिडकीच्या आत जाड पडदा लावून उपयोग थोडा. काच ओलांडून आलेलं ऊन पडदा तापवतं आणि पडदा खोली. ग्रीन नेट बाहेर लावायची, काचेपासून हातभर दूर, म्हणजे मधून वारा खेळतो. आम्ही पश्चिमेची भिंत आणि उत्तरेची खिडकी बांबूच्या चौकटीवर नेट ताणून झाकली. पावसाळ्यात पुढे भाजीचे वेल चढवले.

छताचं मात्र पहिल्यांदा चुकलं. एप्रिलमध्येच भावाने एका ठेकेदाराकडून "हीटप्रूफ पेंट" मारून घेतला होता. गच्ची झाडली न झाडली, बांधकामाची रेती-सिमेंटची धूळ तशीच, त्यावर दोन हात. महिन्याभरात पापुद्रे निघाले. रंगात खोट होती की कामात, सांगता येत नाही, पण धुळीवर काहीच टिकत नाही हे नक्की. मी आल्यावर आम्ही तारेच्या ब्रशने गच्ची घासली, दोनदा धुतली. चुना रात्रभर भिजवला, सकाळी गाळला, त्यात पांढरं सिमेंट आणि थोडं फेव्हिकॉल घालून झाडूने दोन हात दिले, ऊन चढायच्या आत. डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातात मोजे घालूनच, चुना भाजतो. अहमदाबादने २०१७ पासून झोपडपट्ट्यांमधल्या छतांना असाच पांढरा थर देण्याचा कार्यक्रम चालवला. घरातली उष्णता दोन ते पाच अंशांनी उतरते, असं त्या कार्यक्रमात सांगितलं जातं. आमच्याकडे आकड्याआधी आई बोलली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती जिन्याखालून उठून हॉलमध्ये आली आणि म्हणाली, "आज पंखा आग नाही ओकून राहिला." पंखा छतालगतची हवाच खाली लोटत असतो, हे तिने एका वाक्यात सांगितलं.

चुना मात्र एका हंगामाचा सोबती. पावसाने धुपतो, आमच्याकडच्या धुळीने काळवंडतो, दर मार्चला पुन्हा द्यावा लागतो. तो ऊन परत पाठवतो, उरलेलं आत येणं थांबवत नाही. त्यासाठी इन्सुलेशनच हवं.

इथे एका नियमावलीबद्दल बोललं पाहिजे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने इको निवास संहिता आणली. घराच्या छतातून एका अंशाला चौरस मीटरमागे १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत जाऊ नये, भिंती-खिडक्या मिळून किती जावी, याच्या मर्यादा तिने घातल्या. आमच्या उघड्या स्लॅबचा आकडा याच्या जवळजवळ तिप्पट. पण २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांपुरतीच होती. ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ५,३८० चौरस फूट. कन्हान, पिपरी, कांद्री, टेकाडी या भागात हजार-पंधराशे फुटांचे प्लॉट पडतात. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं, त्यातही घरांसाठी सक्ती ६०० चौरस यार्डांच्या पुढेच, म्हणजे पुन्हा तेवढ्यावरच. घरकुल योजनेतली घरं तर तीस चौरस मीटरच्या आसपासची. तिथे छताची झळ जास्तच लागते, कारण वर मजला नाही, शेजारची सावली नाही आणि एसीही नाही. मोठ्या बंगल्याला नियम आणि खाणकामगाराच्या घराला काहीच नाही, हे मला पटत नाही. घरकुलाचा शेवटचा हप्ता देताना गच्ची पांढरी आहे का एवढं जरी पाहिलं, तरी हजारो बाजा दुपारी आपल्या जागी राहतील.

१.२ चा आकडा गाठणं अवघड नाही. चांगल्या प्रतीच्या एक्सपीएस, म्हणजे घट्ट फोमच्या, शीटचा पाऊण इंच पुरतो. दोन इंच घातला तर तो आकडा निम्म्याच्याही खाली येतो. आमच्या छताचे साडेपाच किलोवॉट मग एकावर येतात. शीट स्लॅबच्या खाली लावायची की वर, यावर घरात दोन दिवस वाद झाला. खाली फॉल्स सिलिंग केलं की दिसायला छान आणि काम लवकर. भाड्याच्या घरात तेवढंच हाती असतं. पण मग स्लॅब उन्हातच तापत राहतो, दिवसा फुगतो, रात्री आकसतो, भेगा पडतात आणि जुलैत त्याच भेगांतून पाणी येतं. सिलिंगमध्ये साधं थर्माकोल कोंबणं तर टाळाच, वायरिंगच्या ठिणगीने ते भडकू शकतं. शीट वर घातली की स्लॅब सावलीत येतो. मिस्त्री म्हणाला, "म्हनजे स्लॅबले टोपी घातली." तसंच.

वजनाचा विचार मात्र इंजिनिअरकडूनच करून घ्यावा. वावर असलेल्या गच्चीवर माणसांसाठी चौरस मीटरमागे दीडशे किलोचा भार धरायचा, असं भारतीय मानक सांगतं. जुन्या पद्धतीचा चार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा एकटाच त्याहून जड होऊ शकतो. शीट आणि वर दीड इंच काँक्रीट याचं वजन त्याच्या निम्म्याच्या आसपास.

पावसाळा संपल्यावर, नवरात्रात, काम सुरू केलं. आधी वॉटरप्रूफिंगचा थर, मग मोऱ्या बुजवून गच्चीवर तीन दिवसांसाठी पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या छताला एक ओला डाग दिसला, नाण्याएवढा. पाणी सोडून तो भाग पुन्हा केला. ही पायरी गाळली असती तर शीटखाली पाणी अडकलं असतं आणि पुढची दहा वर्षं आम्ही गळती कुठून येते ते शोधत बसलो असतो. मग शीटचे तुकडे विटांसारखे सांधे चुकवून, अगदी घट्ट, सांध्यांवर टेप. वर चिकन मेश आणि बारीक गिट्टीचं काँक्रीट, मोऱ्यांकडे ढाळ देऊन. त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइलांचं चायना मोझॅक लावायचं आहे, ते दिवाळीनंतर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा काँक्रीटला पाणी मारणं चाललं होतं. गोणपाटं पसरून भाऊ पाइप धरून उभा. आई खाली अंगणात. तिला जिने चढवत नाहीत, पण वरच्या प्रत्येक थराचं नाव तिने मिस्त्रीला विचारून घेतलं होतं. वहिनीने नैर्ऋत्येची खोली झाडून ठेवली होती आणि बाज आत नेऊन टाकली होती. आई आत गेली, उलट्या हाताने पश्चिमेची भिंत चाचपली, बाज तिथून हातभर मधे ओढली आणि बसली.

"सध्या इथे," ती म्हणाली. "मार्चमध्ये पाहू."